सहावा थर

२ फेब्रुवारी, सोम.
कॉलेजला गेले. घरी बसून तरी काय करणार. काल सटाण्याचे पाहुणे सुपारी फोडायला आले आणि न फोडताच उठले. ऋतुजा भर बैठकीत म्हणाली, "मी महिन्यापूर्वीच नको म्हटलंय या स्थळाला." तिचा बाप, म्हणजे आमचे वि., म्हणाले, "कोणाला म्हटलीस? मला तर नाय." ती म्हणाली, "पप्पा, खोटं बोलू नका." मग पुढे काय उरलं. चहा गार झाला, चपला शोधताना कोणी कोणाकडे बघेना. लेक आली तशी बॅग उचलून पुण्याला निघून गेली.

संध्याकाळी माझ्या फोनवर एक रिंग. आमच्या घरची जुनी खूण आहे, एक रिंग म्हणजे पोचले, उचलायचं नाही. एवढ्या रागातही पोरीने पोच दिली.

आणि मी बैठकीत काय करत होते? पोह्यांचा ट्रे धरून उभी होते.

३ फेब्रु., मंगळ.
वि. भल्या सकाळी पिंपळगावला गेले. द्राक्षांचे दिवस, माल पेट्यांत भरायचं काम, पॅकहाउसला सुट्टी नाही. डबा ओट्यावरच राहिला, मुद्दाम.

सेकंड इयरला नवा धडा. नेटवर्कचे सात थर. दरवर्षीचंच माझं उदाहरण: वरच्या थराने दिलेलं पाकीट न फोडता आपल्या पाकिटात घालायचं, त्यावर आपल्यापुरता पत्ता लिहायचा, खालच्याकडे द्यायचं. पलीकडच्या कॉम्प्युटरवर तीच पाकिटं उलट्या क्रमाने निघतात. सगळ्यात वरचे दोघे समजतात, आपण थेट एकमेकांशी बोलतोय. प्रत्यक्षात शब्द न् शब्द मधल्यांच्या हातून गेलेला असतो.

दुसऱ्या बाकावरची मुलगी: "मॅडम, मध्ये कोणी आतलं बदललं तर?"
मी: "चेकसम असतो. पाठवताना आतल्या मजकुराची बेरीज करून वर लिहितात, पलीकडे ती जुळली नाही की पाकीट बाद."
ती: "पण सहाव्या थरानेच, म्हणजे वरून दुसऱ्यानेच, बदललं तर? बेरीज खाली, चौथ्यात होते ना? मग ती बदललेल्याचीच होणार. जुळेलच की."
"पुढच्या तासाला," म्हटलं आणि फळा पुसला. तास संपायला दहा मिनिटं होती.

५ फेब्रु., गुरु.
लिहूनच टाकते, निदान इथे.

जानेवारीत ऋ. फोनवर म्हणाली होती, "आई, पप्पांना स्पष्ट सांग, मला हे लग्न करायचं नाही." मी वि. ना सांगितलं, "ती म्हणते, जरा वेळ द्या." वि. म्हणाले, "तिला सांग, मी शब्द दिलाय, आता माघार नाय." मी तिला सांगितलं, "पप्पा म्हणतात, बघू." रविवारी ये एवढंच कळवलं. का ये, ते नाही.

म्हणजे दोघंही खरंच बोलत होती. खोटं माझं. आणि दोघं एकमेकांना खोटारडे म्हणताना मी पोहे सांभाळत होते!

७ फेब्रु., शनि.
हे काही आजचं नाही. ऋ. सहावीत असल्यापासून बापलेक थेट बोलतच नाहीत. "आईला सांग", "तुझ्या लेकीला सांग". सगळं माझ्यामार्फत. "डोकं फिरलंय का तिचं" हे "पप्पांना काळजी वाटते" होऊन पोचायचं. "मला त्यांच्याशी बोलायचंच नाही" हे "अभ्यासात आहे" होऊन. मी स्वतःशी हसायचे, म्हणायचे, मी या घरातला सहावा थर. प्रेझेंटेशन. रूप बदलायचं, अर्थ तोच ठेवायचा. दर सत्राला मुलांकडून हे वाक्य पाठ करून घेते. अर्थ तोच ठेवायचा.

घरात शांतता होती ना पण. सगळे म्हणायचे, तुमच्याकडे कसं कधी आवाज नाही.

९ फेब्रु., सोम.
आज सांगणारच होते. वि. पॅकहाउसमधून आले, हातपाय धुतले. मी म्हटलं, "अहो, त्या स्थळाचं..." ते म्हणाले, "सव्वीस वर्षाची पोर माझ्या तोंडावर मला खोटारडा म्हणती. सटाण्यात लय लोक वळखत्यात मला." पुढे म्हणाले, "तू एकटीच हायेस जी सरळ बोलती."

भाजीत मीठ दोनदा पडलं. तशीच खाल्ली त्यांनी.

११ फेब्रु., बुध.
ऋ. ला मेसेज लिहिला. 'बाळा, चूक माझी आहे.' पुसला. 'पप्पांना तुझा निरोप मी नीट दिला नव्हता.' पुसला. 'नीट' या शब्दावर अडले. तिथेही मऊच करत होते. शेवटी 'जेवलीस का' गेलं. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

मला येतच नाही. खरं सांगते. दुसऱ्याचं बोलणं कसंही वळवून देईन, माझं स्वतःचं एक वाक्य पलीकडे जात नाही.

१३ फेब्रु.
काही नाही. ती मुलगी परत विचारत होती. "मॅडम, तो चेकसम?" सांगितलं तिला, तुझं बरोबर आहे. वरच्यांनी एकमेकांना थेट विचारल्याशिवाय कळत नाही. खूश झाली. 

१५ फेब्रु., रवि.
शिवरात्र. त्र्यंबक रोडला गर्दी म्हणून कुठे गेलो नाही. वि. घरी, उपास. साबुदाणा खाता खाता म्हणाले, "तिला सांग, ज्या पोरीला बाप खोटा वाटतो तिनं या घरात पाय ठेवू नाय."

नेहमीसारखं ते वाक्य मनात घोळवायला लागले. 'पप्पांना वाईट वाटलंय.' 'पप्पांना तुझी आठवण येते.' तयारच होतं, बोटांना सवय. मग ओट्याशी उभी राहून त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाईप केलं. 'नाय' सुद्धा 'नाय'च ठेवलं. वर लिहिलं, पप्पा म्हणाले. पाठवलं. स्टुलावर बसले.

हा काही धीटपणा नाही. स्वतः सांगवेना म्हणून दोघांना एकमेकांवर ढकलून दिलं.

चार वाजता वि. चा फोन वाजला. एक रिंग. त्यांनी बघितलं, उचलला नाही. म्हणाले, "पोचली आसल कुठं." दुसरी रिंग. तिसरी. वाजतच राहिला. त्यांनी माझ्यापुढे धरला, "घे. तुझ्यासाठी आसल."
"तुमच्या फोनवर आलाय."
"बघ ना काय म्हणती ते."
मी हात भगरीच्या पिठात घातले, कोपरापर्यंत. "माझे हात खराब आहेत."
वि. फोनकडे असे बघत होते की जणू चटका बसेल. मग उचलला. "हां," म्हणाले. नुसतं "हां". गॅलरीत गेले आणि सरकतं दार ओढून घेतलं.

इथे टेबलाशी बसून लिहितेय. बोटांचं पीठ वाळून वहीवर पडतंय. दारातून पाठ दिसते, शब्द येत नाहीत. आधी हात हवेत उडत होता. आता खाली आहे. नुसतं ऐकतायत.

आत्ता वळून काचेतून माझ्याकडे बघितलं. फोन कानालाच आहे