लांबट कळीचा मोगरा

बाई,

फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्ही गेल्याची बातमी शाळेत आली तेव्हाच चार ओळी लिहायच्या होत्या. पण गेलेल्या माणसाला पत्र लिहितात की नाही, हे विचारायला मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. त्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली. वयाने अक्षर बिघडलं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर तुम्ही जाणताच. सातवीचा फॉर्म तुम्हीच माझ्याकडून भरून घेतला होता. शाळेची घंटा वाजवणारा शिपाई परीक्षेला बसतो म्हणून मास्तर लोक हसले होते. तेवढ्या शिक्षणावर हे लिहितो आहे. चुका दिसल्या तर लाल पेनाने गोल करू नका.

कारण असं की तुमची भाची उद्या आमच्याकडे येते आहे. भावाची मुलगी, तुम्हाला आत्या म्हणणारी. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आठ दिवसांपूर्वी तिचा फोन आला. साताऱ्याकडचं तुमचं घर विकलं, नव्या मालकाने अंगण सपाट केलं आणि तुमच्या आईचा मोगरा गेला. आत्याने त्याचं कलम भंडाऱ्याकडे नेलं होतं, निवृत्त होताना ते शाळेच्या शिपायाला दिलं, एवढं तिला वडिलांकडून कळलेलं. ते झाड अजून आहे का, असं ती विचारत होती. फोन माझ्या बायकोने उचलला होता. ती म्हणाली, "आहे ना माय. आमच्या आंगनातच आहे. कलम करून ठेवतो, तू ये." ऐकून मी तिथून उठून आत निघून गेलो. कारण बाई, आमच्या अंगणातला मोगरा तुमच्या आईचा नाही. तुमच्या आईचा मोगरा मी मारला. इतकी वर्षं हे फक्त मला ठाऊक होतं.

आज नवतप्याचा, वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतला, सहावा दिवस. दुपारचे अडीच वाजले आहेत, कूलर चालू आहे, पण लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून भरभर लिहितो. रोज संध्याकाळी तुम्ही विचारायच्या तसं कोणी विचारलं की आज काय काय फुललं, तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सदाफुली तर अशी फुलली आहे की तिला उन्हाशी काही घेणंदेणंच नाही. विटांच्या फटीतून आलेली सुद्धा फुलली. ऑफिस टाईमची फुलं बरोबर दहाला उघडतात आणि दुपारी मिटतात, तुम्ही म्हणायच्या की आपल्या काही मास्तरांपेक्षा बरी. पिवळी कण्हेर आहे, कुंपणावर कागदी फुलं आहेत, गुलबास चारनंतर उघडेल. जास्वंदीचं फूल लहान झालं आहे, अगदी बत्ताशाएवढं. गुलाब मात्र कडेने करपतो, झेंडू तर मागच्या महिन्यातच गेला. आणि मोगरा. मोगऱ्याला इतक्या कळ्या आहेत की पानं दिसत नाहीत. एखादं वर्ष त्याने न फुलायला काय हरकत होती? फुलंच नसती तर कळीवरून फरक कळला नसता आणि मला तिला काही सांगावं लागलं नसतं.

तुमच्या क्वार्टरचं अंगण मला आठवतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीच्या कोपऱ्याला तो मोगरा. कळी वाटाण्याएवढी, गोल, आत पाकळ्यांची गर्दी. कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी तुम्ही त्याला तिथे न्यायच्या आणि सांगायच्या, "हा माझ्या आईच्या हातचा." आमच्या गावात फुलझाडाला कोणी एवढं मानत नव्हतं. आम्ही धानवाले. आम्हाला एकच माहीत, धानाच्या बांधीत, म्हणजे तुमच्याकडच्या भातखाचरात, पाणी उभं असलं की पीक आनंदात. तुम्ही मला शिकवलं की मातीत बोट घाल, पहिल्या पेरापर्यंत, आणि बोटाला चिखल लागला तर कळशी उचलूच नको. एकदा मी भर दुपारी तांब्या घेऊन निघालो तेव्हा तुम्ही पडवीतूनच ओरडल्या होत्या. "अरे, थांब! दुपारी झाड मान टाकतं ते मरायला टाकत नाही. झोपलंय ते. तुझ्यासारखं घाबरट माणूस मी पाहिलं नाही." मग हसल्या आणि मला सावलीत बसवून कैरीचं पन्हं दिलं. घाबरट म्हणाल्या त्याचा मला राग आला नाही, कारण ते खरंच होतं. अजूनही खरं आहे. ही म्हणते की मी बसस्टँडवर बस यायच्या आधीच चुकली म्हणून रडतो.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही माहेरी गेल्या, तुमच्या आईला बरं नव्हतं. बाग माझ्यावर सोपवली. सकाळी उजाडायच्या आत आणि दिवस बुडाल्यावर पाणी, बोट घालून पाहून, असं बजावलं. दहा दिवस मी तसंच केलं. मग नवतपा लागला. दुपारी मी शाळेची कुलपं बघायला आलो की मोगरा माना टाकून उभा. मी परत जायचो, पुन्हा यायचो. ते झोपलंय, झोपलंय असं स्वतःला सांगायचो. तिसऱ्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. मला वाटलं, बाईंच्या आई तिकडे आजारी आणि इकडे त्यांचा मोगरा असा. मी फावडं आणलं, बुंध्याभोवती बांधीसारखी मातीची पाळ घातली आणि विहिरीचं पाणी काठोकाठ भरलं. वरून मूठभर युरिया टाकला, धानाला टाकतो तसा. संध्याकाळी झाड ताजं दिसलं. माझा आनंद काय सांगू. म्हणून रोज भरत गेलो, पाच दिवस. सहाव्या दिवशी पानं पिवळी, मग बुंधा काळा. उकरलं तर मुळांना कुजका वास.

मी मोहाडीला मावशीकडे सायकलने गेलो आणि तिच्या ओट्यावर बसून रडलो. तिच्या मोरीजवळ तेवढ्याच उंचीचा मोगरा होता. ती म्हणाली, "फुलाच्या झाडापायी कोनी रडते का रे बाबू? घेऊन जाय हा. मले काय, भांडे घासाचं पानी जाते त्याले." मातीच्या गोळ्यासकट तो उपटला, ओल्या पोत्यात बांधला, कॅरियरवर टाकून आणला. खड्डा रुंद केला, कुजकी माती फेकली, तलावाचा गाळ भरला आणि पाळ मोडून जमीन सारखी केली. त्यानंतर मात्र मी इतका भ्यालो होतो की तुम्ही सांगितलं त्यापेक्षा एक थेंब जास्त दिला नाही. त्याने सगळी पानं टाकली आणि मग नवी फुटली.

तुम्ही आलात तेव्हा पांढऱ्या साडीत होतात. आई गेल्या होत्या. तुम्ही पिशवी खाली ठेवायच्या आधी पडवीच्या कोपऱ्याला गेलात. मी मागे उभा. दोन कळ्या आल्या होत्या, लांबट, टोकदार. तुम्ही एक तोडून तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहत राहिलात. मी म्हणालो, "बाई, उन्हानं पानं गळाली होती, पन आता फुटली." तुम्ही म्हणालात, "उन्हानं कळीही लांबली वाटतं." मी म्हणालो, "होय बाई." तुम्ही ती कळी केसांत खोचली आणि आत गेलात. त्या दिवशी सांगणार तरी कसं? आई गेली आणि आईचं झाडही गेलं, हे एकाच दिवशी कोणी कोणाला सांगतं का? पुढे दिवस गेले आणि मग सांगायची वेळच निघून गेली. निवृत्तीच्या वेळी तुम्ही त्याचंच कलम दुधाच्या पावडरच्या डब्यात लावून मला दिलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, बाईंच्या आईच्या हातचा आहे. खोट्याला आणखी एक पान फुटलं. हिने त्याची कलमं सासरी जाणाऱ्या गावातल्या प्रत्येक पोरीला दिली, हीच कहाणी सांगून.

आज सकाळी मी हिला सगळं सांगितलं. ही अंगणात भाचीसाठी कुंडी धूत होती. आधी हिला पटेना. मग हात थांबला. "म्हंजे एवढे वर्सं मी लोकाईच्या पोरीईले लबाड सांगून राहिली?"

"तू नाई. मी."

"तुमी मले पन नाई सांगतलं." एवढं बोलून ही चुलीकडे गेली. भाकरी जरा जास्तच जोराने थापल्या जात होत्या. अर्ध्या तासाने बाहेर आली आणि म्हणाली, "मोहाडीच्या मोरीतला मोगरा साताऱ्याचा करून टाकला तुमी. सातबारा पन काढून ठेवाचा होता."  मग ही हळू आवाजात म्हणाली, "त्या पोरीले फोन करा. नागपुरातून एवढ्या तपनात गाडी करून येऊन राहिली ते. इथं आल्यावर सांगान तर तिनं काय कराव?"

मी चारदा फोन लावला. पहिल्यांदा तिला म्हणालो की पाण्याची बाटली जवळ ठेव. दुसऱ्यांदा म्हणालो की डोक्याला दुपट्टा बांध. तिसऱ्यांदा फाट्यावरून कुठे वळायचं ते सांगितलं, जे मी आधीच दोनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा ती हसून म्हणाली, "काका, तुम्ही फार काळजी करता." तेव्हा माझ्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. पाळ, युरिया, मावशी, पोतं, सगळं.  मला वाटलं फोन कटला, मी दोनदा हॅलो म्हणालो. मग तिने एवढंच विचारलं, "आत्याला माहीत होतं का?"

आणि बाई, मी घाबरून काय बोललो असेन? मी म्हणालो, "विचारून सांगतो."

ही बाजूलाच उभी होती. फोन ठेवल्यावर हिने तोंडाला पदर लावला. "कोनाले इचारता, बावा?" हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. भाची म्हणाली की ती उद्या तरीही येणार आहे, दहापर्यंत. रागाने येते आहे की कशी, आवाजावरून काही कळलं नाही. माझी ऐकण्याची ताकदही आता कमी झाली आहे.

म्हणून हे लिहायला बसलो. सकाळपासून मी तुमचा एकेक दिवस आठवतो आहे. त्या उन्हाळ्यानंतर तुम्ही पाहुण्यांना मोगरा दाखवायच्या, पण "आईच्या हातचा" असं पुन्हा कधी म्हणालेलं मला आठवत नाही. की म्हणाल्या होत्या आणि मीच विसरलो? डबा हातात देताना तुम्ही म्हणालात, "याला पाळ बांधून पाणी भरू नकोस हं." पाळ तर मी मोडून टाकली होती. तुम्ही पाहिली कुठून? की आम्हा धानवाल्यांना तुम्ही असं सगळ्यांनाच सांगायच्या? एकदा वाटतं तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, कळी हातात घेतली तेव्हाच. एकदा वाटतं कळलं असतं तर तुम्ही नक्की रागावल्या असत्या, तुम्ही खडूचा तुकडा वाया गेला तरी रागावायच्या. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकलो.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं, एवढा काही मी अडाणी नाही. पण एक कबूल करतो. मला माफी नको आहे. तुम्हाला ठाऊक होतं, असंच उत्तर मला हवं आहे. तुम्हाला फसवलं असं समजून मी चाळीस वर्षं तुमच्या नावाचं फूल बायकोच्या केसांत पाहिलं. त्यापेक्षा तुम्ही सगळं ओळखलं, पोटात घातलं आणि तरी रोज ती लांबट कळी माळली, हे ऐकायला मला फार बरं वाटेल. तसं नसेल तर तेही सांगा, मी तिला तसंच सांगेन, वाढवून काही सांगणार नाही. ती उद्या दहाला येते आहे, आणि पहिलं तेच विचारणार. कसंही करून त्याआधी कळवा, बाई.