चार वाव

७ जानेवारी
पोहोचले एकदाची. तेलगाव सोडून धारूरच्या रस्त्याला लागलं की डावीकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध माझी नोकरी. रत्नागिरीला समुद्रातले जीव शिकलेली मुलगी बीड जिल्ह्यात प्रवाळ वाढवायला निघाली, यावर आई अजून हसतेय. पण शेताचे मालक सुंदरराव यांच्या मुलाने, रविराजने, खरंच कोरड्या विहिरीला प्लास्टिकचं अस्तर लावलं, खारं पाणी केलं आणि त्यात मऊ प्रवाळ लावले. पुण्याच्या मत्स्यालयांना विकायचे म्हणे. स्वयंपाक-धुणं बघणाऱ्या छबुबाईंनी भाकरी आणि येसराची आमटी वाढली, तीही आग्रहाने. मला इथे करमणार असं दिसतंय.

१५ जानेवारी
प्रवाळाचे तुकडे दोरांना बांधून विहिरीत सोडलेत, काही एक वाव खोल, काही चार. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर. विहीर सांभाळणारा सुग्रीव सगळे दोर असेच मोजतो. एका वावेवर उजेड भरपूर, म्हणून तिथले प्रवाळ बुटके, जाड, दाट फांद्यांचे. चार वावांवरचे उंच, सडपातळ, बोटं पसरून उजेड वेचणारे. जात एकच, खोली तेवढी वेगळी. पुस्तकातलं डोळ्यांसमोर बघताना मजा येते. मी सिलिंडर लावून रोज दोन तास पाण्यात असते. सुग्रीव नुसता दम धरून तळ गाठतो. शेवाळ चढलं की दोर बदलायचा, नवा तोच मोजतो.

२ फेब्रुवारी
चार वावांवरचे प्रवाळ आणखी ताणलेत. जवळजवळ बिनफांदीचे, दोऱ्यासारखे बारीक. इतक्या खोलीला असं होऊ नये. मी मुळात संशयी, टेप काढला. जानेवारीतला जुना दोर सहा मीटर ऐंशी. आजचा नऊ मीटर दहा. म्हणजे सुग्रीव कामचुकारपणा करतोय, अंदाजपंचे कापतोय. विचारलं तर म्हणाला, "ताई, हात तेच हायेत, वाव बी तीच. दोर कावून लांब व्हईल?" पण नजर चुकवली. आणि हा माणूस भर दुपारी घोंगडी लपेटून कशाला बसतो?

८ फेब्रुवारी
माझ्या सगळ्या कुर्त्यांच्या बाह्या आखूड झाल्यात. छबुबाई कढत पाण्यात भिजवतात, दुसरं काय. बोलले तर त्याच फणकारल्या, "म्या थंड पाण्यातच धुते. तुमचेच हात भाईर यायलेत." रविराजवरही माझा डोळा आहे. रोज विहिरीवर येतो, पण पाण्यात बोट घालत नाही. याला काहीतरी माहीत असणार.

१३ फेब्रुवारी
आज सुग्रीवला समोर उभं करून दोर मोजायला लावला. त्याने घोंगडी काढली. त्याची बोटं पोटऱ्यांपर्यंत लोंबत होती. मनगटं माझ्या अंगठ्याएवढी बारीक. नोकरी जाईल म्हणून लपवलं, म्हणाला. आता पाण्याबाहेर तासाभरात अंग सैल पडतं, उन्हात तर जास्तच. बायको अंजना ऊसतोडीला कर्नाटकात आहे, तिला यातलं काही ठाऊक नाही. मी त्याला चोर ठरवलं होतं याची लाज वाटली. आणि भीती वाटली, फार.

१५ फेब्रुवारी
चार वावांवरचे पाच प्रवाळ काल एका वावेवर आणून टांगले. पुन्हा बुटके होतात का ते बघायचं होतं. सकाळी दोरावर नुसता चिकट थर होता.

१६ फेब्रुवारी
रविराजने सुग्रीवला गाडीत घालून माजलगावच्या दवाखान्याकडे नेलं. मी अडवायला हवं होतं — सुचलं तेव्हा गाडी गेली होती. तेलगावही आलं नाही, त्याआधीच सुग्रीव गेला. रविराज परत येऊन ओसरीवर रडत बसला. हात धरला तर हातात राहिला नाही, एवढंच सांगत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी उगाच —

१७ फेब्रुवारी
भिंतीला टेकून माझी वाव मोजली. दोन मीटर चार. माझी उंची एक अठ्ठावन्न. हे पाणी प्रवाळाला जे करतं तेच आम्हाला करतंय.
आजपासून पाण्यात उतरायचं नाही, ठरवलं. तीन तास टिकले. बोटं वळेनात. उतरले. बरं वाटलं. त्याचीच भीती वाटते —

१८ फेब्रुवारी
रविराजला सगळं सांगितलं. पाण्याबाहेर नेऊ नका म्हटलं. ऐकलं, मान हलवली. त्याचं म्हणणं, सुग्रीवला उशीर झाला होता. माझ्या बाबतीत तो उशीर करणार नाही.

१९ फेब्रुवारी
गाडीत. पाण्यातून वर आले तशी रविराज आणि छबुबाईंनी मला धरलं, चादरीत गुंडाळलं — काठावरची वहीही सोबत आली.
जीभ जड. बोलता येत नाही. लिहून दाखवलं, परत फिरवा. तो रस्त्याकडेच बघतो. घाबरू नका म्हणतो, या खेपेला वेळेत पोचू.
ऊन.
छबुबाईंनी माझा डावा हात मांडीवर घेतलाय. रडतायत. गोंजारतायत. नका — त्यांना वाचता येत नाही — छबुबाई, दाबू नका, तो —