कुरणाला मराठी येतं

३ जुलै
पोहोचलो. खोली वरच्या मजल्यावर, टेबल खिडकीला लावलेलं, उजेड डावीकडून. अनुवादकाला आणखी काय हवं? समोर डोंगरापर्यंत नुसतं कुरण. इथली भाषा मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. रेडिओवरचे पाठ आणि एक फाटका शब्दकोश, एवढ्यावर आली. तरी आज दुकानदाराने विचारलं, तुम्ही इथलेच का. बायकोला फोनवर हे ऐकवलं, तर म्हणाली, दुकानदार आहे तो, गोड बोलणारच. घरमालकीण मुकी आहे. कागदावर लिहून बोलते, अक्षर वळणदार.

६ जुलै
इथल्या बोलण्याची एक गंमत टिपली. कोणी कोणाला लांबून हाक मारत नाही. चालत जवळ जातात, बाहीला हात लावतात, मग बोलतात. आभाळ भरून आलं की वाक्य अर्ध्यावर टाकून गप्प. शब्दकोशवाल्यांच्या हे गावीही नाही. मी लिहीन यावर.

९ जुलै
जुलै म्हणजे इथे भर उन्हाळा, आणि बर्फ. सकाळी कुरण पांढरंफटक, गाव चिडीचूप. रेंज फक्त कुरणाच्या कुंपणापाशी मिळते, म्हणून तिथूनच बायकोला फोन केला. तेराला दुपारी येतेय. तिला नीट ऐकू जाईना, तेव्हा ओरडून सांगितलं की ये गं, सरळ इकडेच ये, मी उभा आहे. दुकानदार धावत आला आणि चक्क माझ्या तोंडावर हात ठेवला. असली सलगी मला खपत नाही. तसं तोंडावर सांगितलं. संध्याकाळी खिडकी उघडून दिवसभराचा अनुवाद मोठ्याने वाचला. वाक्य कानाला पटल्याशिवाय मी पुढे सरकत नाही.

११ जुलै
बर्फ थांबत नाही. घसा बसलाय. कुरणात कोणीतरी मराठी बोलतंय. परवाची माझीच वाक्यं, माझ्याच आवाजात, स्वल्पविरामाला बरोबर थांबून. बाहेर माणूस नाही. पावलंही नाहीत.

१२ जुलै
आवाज पार गेला. दुखत नाही, नुसतं रिकामं. घरमालकिणीला लिहून विचारलं. तिने लिहिलं की अवेळी बर्फ पडला की कुरण ऐकतं, आणि ज्याचा आवाज घेतं त्याला तो परत देत नाही. तिचाही असाच गेला. मग कुरणाने तिच्या आवाजात तिच्या नवऱ्याला हाक मारली. तो गेला, सापडला नाही. आता गावातलं कोणी फसत नाही.

मग माझा आवाज घेऊन ते काय करणार, मी लिहिलं. इथे मराठी कळतं कोणाला?

तिने कागद स्वतःकडे ओढला. मग लिहिलं, ‘तुमची बायको कधी येणार?’

१३ जुलै, सकाळ
बायकोला मेसेज जात नाही. पुन्हा पुन्हा पाठवतोय. रस्त्याच्या वळणावर जाऊन तिची वाट बघतो म्हणून निघालो, तर घरमालकिणीने खोलीला बाहेरून कडी घातली. दारावर लाथा मारल्या. फटीतून चिठ्ठी आली. नवऱ्याला अडवलं नव्हतं, तुम्हाला अडवणार. बाई, मला नाही, तिला अडवा — हे लिहून सरकवलं.  फटीतून दिसतं, ती जिन्यात बसून रडतेय. रडण्यालाही आवाज नाही.

दुपार
सराव चाललाय कुरणाचा. ये गं. सरळ इकडेच ये. माझ्यापेक्षा मऊ म्हणतंय. मी कधी इतक्या प्रेमाने —

टॅक्सी. वळणावर. उतरली. निळा स्वेटर, बॅग हातात. टॅक्सी गेली.

काच फोडली. खुर्ची आपटतोय, तो आवाज बर्फ गिळतो. बघ ना वर. वर बघ —

हाक मारली त्याने.

ती हसली. ‘आले हो, आले, ओरडताय कशाला,’ म्हणाली. कुंपणाचं फाटक उघडतेय —

खिडकी उंच आहे. मी उडी —