टाकी लावलेला दगड

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझंच वय तुमच्यापेक्षा जास्त भरतं, तरी तुमच्यावरचा राग काही उतरत नाही. माणूस गेला की राग मातीत जातो म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं! गावी गेलो की महादेवाच्या देवळापुढचा तो दगड आडवा येतो आणि माझं तोंड कडू होतं.

तो दगड मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलात, हेही खरं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण 'कुण्या राजानं लिवून ठिवलंय' म्हणत तुम्ही माझं बोट धरून जुन्या कन्नड अक्षरांवरून फिरवलं होतं. त्याच नादानं मी हैदराबादच्या कॉलेजात प्राचीन इतिहास घेतला. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि एका सत्रासाठी विलायतेला शिकायला पाठवायच्या पोरांत माझी निवड झाली. निघायच्या आदल्या दिवशी आपण दोघं दगडाचा ठसा घेतो आहोत. मी ओला कागद चिकटवून कुंच्यानं ठोकतो, वरून शाई फिरवतो. तुम्ही घागर धरून उभे. खालच्या चार ओळींवर सणासुदीच्या चुन्याचे थर बसलेले, तिथं काही उठेना. मला औरादची मोटार गाठायची होती. 'राहू द्या, अप्पा, आल्यावर बघू,' म्हणालो.

लंडनात पहिला धडा काय शिकवला असेल? जुन्या वस्तूला हात लावायचा नाही. वीतभर फुटका तुकडा हलवायचा तर खाली गादी आणि दोन बाजूंना दोन माणसं. मला हसू यायचं. आपल्याकडे असल्या दगडावर बाया धुणं आपटतात. तिथल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी माझा ठसा टेबलावर पसरला आणि तासभर भिंग घेऊन त्यावर वाकून राहिले. मग म्हणाले, हा दानाचा लेख आहे, दान कोणी दिलं ते खालच्या ओळींत असणार, तेवढ्या आण, मी तुला पुढच्या शिक्षणासाठी परत बोलावून घेतो. अप्पा, त्या चार ओळींवर माझा जन्म टांगला होता.

सत्र संपवून परत आलो तेव्हा तुम्ही औरादला बैलगाडी घेऊन हजर. नवं धोतर, कपाळावर विभूती, तोंडभर हसू. घरी न्यायच्या आधी गाडी देवळाकडे वळवलीत. चार माणसं गोळा केलेली, दगडाला हार घातलेला.

"वाच आता," तुम्ही म्हणालात. "चष्मा बी लागायचा न्हाई."

जात्याला टाकी लावतात तशी त्या दगडाला टाकी लावली होती. झिजलेल्या दगडाला टाकी लावायची, लोखंडी छिन्नीनं पुन्हा खाचा पाडून घ्यायच्या, ही गावची रीतच. वरपासून खालपर्यंत बोटभर खोल, पांढऱ्याफेक रेघा. एकही अक्षर कुठल्या काळातलं नव्हतं. टाकीवाल्याला दिसलं ते त्यानं कोरलं, दिसलं नाही ते मनानं कोरलं.

"मधी मोकळं वंगाळ दिसायलतं," तुम्ही कौतुकानं सांगत होता, "म्हनून भरून घेतलं."

मी काय बोललो ते तुम्हाला आठवत असेल. अडाणी म्हणालो. 'शेकडो वर्षं टिकलं होतं, तुम्ही एका दिवसात मारलंत,' म्हणालो. चारचौघांत, बापाला! तुम्ही एवढंच विचारलंत, "कामून रे? चुकलं का काय?" आणि पटका सोडून त्याच्या शेवानं अक्षरांतला भुगा पुसायला लागलात. भुगा पुसून काय होणार होतं? पुढं तुम्ही शेतावर जाताना देवळाची वाट सोडून ओढ्याकडून जायला लागलात. मी बघत होतो.

प्राध्यापकांना काय कळवणार? कळवलंच नाही. विलायत संपली. बिदरला शाळेत मास्तर झालो आणि पोरांना सनावळ्या घोकायला लावल्या. हैदराबाद राज्याची वाटणी होऊन आपला भाग म्हैसूरकडे गेला, त्याच साली तुम्हीही गेलात. अडाणी बापानं शिलालेखाला टाकी लावली, ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत आलो. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो.

तुम्हाला माती देऊन आलो तेव्हा थोरल्या बहिणीनं, अक्कानं, तुमच्या पेटीतून माझं लंडनचं पत्र काढून दिलं. घडीवर घडी पडून चिंधी झालेलं. कितीदा गावच्या मास्तरांकडून वाचून घेतलं असेल तुम्ही? अक्काला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय रे? लई जपायलते," ती म्हणाली. मी वाचून दाखवलं. तिथली थंडी, तिथली भाकरीवाचूनची जेवणं, सगळं. एक ओळ तेवढी गाळली: 'अप्पा, टाकीवाला आला की त्याच्याकडून खालच्या ओळींवरचा चुना काढून घ्या, अक्षरं नीट दिसली पाहिजेत, माझं सगळं त्यावर आहे.'

लोखंड लावायला मीच सांगितलं होतं. तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर हे पत्र काढून दाखवू शकला असता. दाखवलं नाहीत. आणि मला ती ओळ पेटी उघडल्यावर आठवली असं नाही, अप्पा. दगडापुढं उभा होतो तेव्हाच आठवली होती. म्हणून तर तुमच्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडलो.