अण्णांच्या टाळाचा तुकडा

लालबाग,
रविवार

प्रिय गणपतकाका,

पाकीट बघून दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. अण्णांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त अण्णा कुरकुरतात, एवढंच. तुम्ही शेजारची खोली सोडून कुडाळला गेलात त्यालाही वीस वर्षं झाली, आणि मी एक ओळ लिहिली नाही. आता लिहितेय ती आपल्या चाळीतल्या खोलीतूनच. चाळ पाडून टॉवर होणार, म्हणून महिनाभर येऊन-जाऊन सामान बांधतेय.

माळ्यावरच्या ट्रंकेत अण्णांचा टाळ सापडला. एक सबंध, दुसऱ्याचे दोन तुकडे, अजून त्याच लाल दोरीत. गोकुळाष्टमीचं भजन, अण्णा पेटीवर, ऐन गजरात तुमच्या हातातला टाळ फुटला आणि अण्णा भरल्या मंडळासमोर तुमच्यावर खेकसले, "फोडलंस! हात आसत की घण?" टाळ माझ्या आजोबांचा होता हे खरं, पण तुम्ही तीस वर्षं अण्णांच्या शेजारी बसून तोच वाजवत होतात. तुम्ही तुकडे खाली ठेवलेत, चपला घातल्यात, ते पुन्हा आमचा उंबरा ओलांडला नाहीत.

मी आता धातू आतून कसे असतात ते बघते. हाच माझा संशोधनाचा धंदा. नखाएवढा तुकडा कापायचा, आरशासारखा घासायचा, त्यावर आम्ल फिरवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग धातूचे कण दिसतात, गावच्या गडग्याच्या भिंतीतल्या दगडांसारखे एकमेकांना लागून बसलेले. ट्रंकेतला तुकडा मी सवयीने प्रयोगशाळेत नेला. अण्णांना न विचारता, हो.

टाळाच्या काशाची तऱ्हा पोलादाच्या उलटी. लालभडक असताना पाण्यात बुडवलं की ते चिवट होतं. पण तेच पुन्हा तापवून हळूहळू निवू दिलं, तर आत निळसर, कडक ठिपके धरतात आणि मग ते काचेसारखं फुटतं. सबंध टाळाची कड घासून पाहिली तर सुयांसारख्या बारीक रेषा, म्हणजे घडवणाऱ्याने नीट बुडवलेला. फुटलेल्यात एकही रेष नाही, नुसते ठिपके. जोडी एकाच हातची, म्हणजे त्यातला एक नंतर कुणीतरी तापवला होता. तुमचा हात कितीही हलका असता तरी तो आज ना उद्या फुटणारच होता.

तापवला मी. बारा वर्षांची होते. त्या गोकुळाष्टमीसाठी अण्णांनी टाळ घासायला दिला होता आणि एकाच्या वाटीत जुनी लाख चिकटून बसलेली, काही केल्या निघेना. आई नळावर गेल्यावर मी तो दोरीतून सोडवून गॅसवर ठेवला आणि गॅलरीत खेळत बसले. आठवण झाली तेव्हा त्यावर निळेजांभळे रंग चढले होते. घाबरून गॅस बंद केला, निवेपर्यंत तिथेच राहू दिला, मग चिंच लावून रंग घालवले आणि दोरी पुन्हा ओवली.

मागच्या रविवारी अण्णांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी मोबाइलवरचे फोटो चष्मा पुसून पुसून पाहिले आणि म्हणाले, "पेटी बांधू नको." मी जोडीला नवा टाळ ओतून घेतला आहे, पाण्यात स्वतः बुडवला. अण्णांनी नवी दोरी ओवली, पण कुणाला वाजवू देत नाहीत. "पयलो गणपत वाजयत," म्हणतात.

तीस तारखेला किल्ली द्यायची आहे. एकोणतीसच्या संध्याकाळी रिकाम्या खोलीत शेवटचं भजन आहे. पण फक्त आमंत्रणासाठी हे लिहिलं नाही. त्या गोकुळाष्टमीला भजनाआधी तुम्ही टाळ एकदाच हलकेच वाजवून कानाशी धरलात आणि मला म्हणालात, "दर्शना, आज ह्याचो नाद येगळो लागता." मी सुंठवड्याची वाटी धरून गप्प उभी राहिले. अण्णा ओरडत होते तेव्हाही मी गप्पच होते. तुम्ही निघताना माझ्याकडे एकदा पाहिलंत. काका, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? मग माझं नाव का नाही घेतलंत? मला तुमच्या पायाशी बसून माफी मागायची आहे. या.

तुमचीच,
दर्शना