दादाच्या होडीतल्या दोन बॅटऱ्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, धंदा बॅटऱ्या चार्ज करणे व दुरुस्त करणे, राहणार धक्क्यामागच्या गल्लीत, दुकानावरच्या दोन खोल्यांत, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले आणि आता पुढे काय करू म्हणून विचारलं. शरीराची खात्री मात्र देता येत नाही. चाळीस वर्षं ॲसिडची वाफ आणि शिशाची धूळ छातीत गेली. रक्तात शिसं किती आहे तो आकडा डॉक्टरांनी मला सांगितला आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलीच नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पुन्हा करायला सवड मिळेल असं वाटत नाही.

१. वरच्या दोन खोल्या आणि खालचं दुकान माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या मुलीला द्यावं. तिच्यामुळेच सगळा धक्का मला आत्या म्हणतो, माझ्याहून मोठी माणसंसुद्धा. दुकानाची मागची खिडकी मात्र कधीही बंद करायची नाही. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून जो वायू निघतो त्याला एक ठिणगी पुरते. थंडी वाजली तर स्वेटर घालावा.

२. माझ्या नवऱ्याला काहीही देऊ नये. बावीस वर्षांपूर्वी जाताना त्याने दुकानातला चांगला चार्जर उचलून नेला. तोच त्याचा वाटा. तो चार्जर आता चालत असेल तर ती माझ्याच हाताची करामत समजावी.

३. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला माझा निरोप द्यावा, की डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत तो नळाचं पाणी भरत होता हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी काही बोलले नाही, फक्त दुसरीकडून घेऊ लागले. त्याला वाटलं माझा धंदा बसला. त्याने धक्काभर तसं सांगितलंही. त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

४. हायड्रोमीटर, पकडी, रबरी हातमोजे, ॲप्रन हे सगळं भाचीचं. लोड टेस्टरसुद्धा तिचाच, पण त्याबद्दल दोन शब्द लिहिते. बॅटरी नुसती ठेवलेली असताना मीटर लावला तर म्हातारी बॅटरीसुद्धा जवानासारखा आकडा दाखवते. तिच्यावर वजन टाकलं, म्हणजे खरोखरचं काम काढून घेतलं, की मगच तिचं वय कळतं. लोड टेस्टर तेवढंच करतो. दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. मी ज्या दिवशी ते केलं नाही त्या दिवसाबद्दल पुढच्या कलमात लिहिलं आहे.

५. माझ्या कामाच्या टेबलाखाली, गोणपाटाने झाकलेल्या लाकडी खोक्यात दोन बॅटऱ्या आहेत. गेली तेरा वर्षं मी त्या कोणालाही हलवू दिल्या नाहीत. त्या दादाच्या होडीतल्या आहेत.

हा तलाव धरणाचा, पिण्याच्या पाण्याचा, म्हणून त्यावर तेलाचं इंजिन चालत नाही. होड्यांना मागे विजेची छोटी मोटर लावतात आणि ती दोन बॅटऱ्यांच्या जोडीवर चालते. दादाची जोडी सात वर्षं जुनी होती. तो ती हातगाडीवर घालून माझ्याकडे घेऊन आला. मी झाकणं उघडली. प्लेटांवर पांढरा थर जमला होता आणि एका बॅटरीच्या तिसऱ्या खान्यात ॲसिडचा जोर मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा तरंगता दांडा वर यायलाच तयार नव्हता.

मी म्हटलं, "दादा, ही गेली. आणि एक गेली की दोन्ही बदलायच्या. नवी जोडी घे."

तो म्हणाला, "तू असताना नवी कशाला? मेलेल्यांना उठवतेस तू. धक्क्यावर विचार कोणालाही."

मला ते ऐकायला आवडायचं. खरं सांगते, फार आवडायचं. मी पाणी घातलं, तीन दिवस हळूहळू चार्ज दिला, मग जास्त दाबाने दिला. चौथ्या दिवशी मीटर बारा पॉइंट सात, म्हणजे पूर्ण भरल्याचा आकडा दाखवू लागला. दोन्ही बॅटऱ्यांवर. दादा सकाळीच न्यायला आला. धरणाचे दरवाजे दुपारी उघडणार अशी पाटी लागली होती आणि त्याआधी त्याला पाण्यातली जाळी काढायची होती.

"थोडं थांब," मी म्हटलं, "लोड लावून बघते."

"आकडा बरोबर आहे ना?"

"आकडा बरोबर आहे."

"मग झालं तर."

मी त्याला थांबवलं नाही. उलट हातगाडीवर चढवायला एक बाजू मीच धरली.

त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार होता, ज्याला उंची आणि मान बघून सगळे बगळा म्हणतात. भरल्या जाळ्यांनिशी ते परत निघाले तेव्हा वारा समोरून होता. बगळ्याने नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, की मोटर आधी मंदावली, मग कण्हल्यासारखी झाली आणि बंद पडली. तेवढ्यात दरवाजे उघडत असल्याचा भोंगा वाजला. एकच वल्हं होतं. होडी ओढली जाऊन दरवाज्यांपुढच्या साखळीला अडकली. बगळ्याने साखळी धरली. दादाने धरायला हात पुढे केला आणि तो गेला. तो सापडला दोन दिवसांनी.

आता मी जे लिहिते ते आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. त्याच दुपारी होडी ओढून धक्क्याला आणली होती. सगळे काठाकाठाने दादाला शोधत होते. तपासनीस दुसऱ्या दिवशी येणार होता. मी एकटी होडीत उतरले, त्या दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि दुकानातली त्याच कंपनीची चांगली जोडी तिथे बसवली. तारा जुन्याच ठेवल्या. वरून चिखल चोळला. माझा भाऊ पाण्यात होता आणि मी चिखल चोळत होते.

तपासनिसाने बॅटऱ्या तपासल्या, उत्तम ठरवल्या आणि लिहून टाकलं, की दोघेही गाफील राहिले, बहुधा झोपले, मोटर वेळेवर चालू केली नाही. बगळा ओरडून सांगत होता की मोटर बंद पडली. होडीवाल्यांच्या कमिटीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी त्याला खोटारडा म्हटलं. त्याचा होडीचा परवाना गेला. तेव्हापासून तो धक्क्यावर दुसऱ्यांची जाळी विणतो आणि होडीत पाय ठेवत नाही. आधी मला ताई म्हणायचा. तेव्हापासून बाई म्हणतो.

वहिनींनी मला एकदाच विचारलं, "वन्सं, बॅटरी चांगली होती ना?" मी म्हटलं, "चांगली होती, वहिनी."

या दोन बॅटऱ्या बगळ्याच्या आहेत. त्याचा खरेपणा त्यांच्यात आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून त्या मी आजच त्याच्या ताब्यात देत आहे.

६. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या जोड्या आज नऊ होड्यांवर आहेत. यादी सोबत जोडली आहे. बँकेत माझं जे काही असेल त्यातून या नऊही होड्यांना नव्या जोड्या घ्याव्यात. एक-एक नव्हे, जोडीने. जुन्या बॅटऱ्या भंगारात द्याव्यात आणि त्या फुटेपर्यंत कोणीतरी समोर उभं राहावं. नाहीतर उद्या त्या पुन्हा कोणाकडे तरी पोचतील.

या यादीत पहिली होडी भाचीची आहे, म्हणजे दादाचीच. मंगळवारी ती जोडी घेऊन आली. "आत्या, अजून एक वर्ष काढून दे." मी लोड लावला. आकडा बाराच्या वरून घसरला तो आठावर आला. मी म्हटलं, करणार नाही. ती म्हणाली, "हात चालत नाहीत म्हण ना सरळ." जोडी परत घेऊन गेली आणि तशीच होडीत बसवली. दरवाजे उद्या उघडणार अशी पाटी कालपासून लागली आहे. पाणी वरच्या पायरीपर्यंत आलं आहे. सकाळी ती जाळी काढायला जाणार आहे.

७. इथवर लिहून मी डॉक्टरांना आणि बगळ्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बगळा खोक्याजवळ उकिडवा बसून गोणपाटाकडे बघत होता. त्याने ते उचललं नाही.

मग म्हणाला, "बाई, हा कागद कधी उघडणार?"

मी म्हटलं, "मी गेल्यावर."

"आणि पोरगी पाण्यात कधी जाणार?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी."

"मेल्यावर खरं बोलायला काय लागतं?" तो म्हणाला. "मी जिवंतपणी बोललो होतो. मी सही करतो, पण हे तुम्ही आज तिच्या आईसमोर वाचायचं. नाहीतर दुसरा साक्षीदार बघा."

मी त्याला म्हटलं, वहिनी मला दारात उभं करणार नाहीत. तो म्हणाला, मग दाराबाहेरून वाचा.

म्हणून हे कलम मी मागाहून घालत आहे. हे मृत्युपत्र गुप्त नाही. सही होताच आम्ही तिघं वहिनींच्या घरी जात आहोत.

सही : आत्या, बॅटरीवाली
साक्षीदार पहिला : डॉक्टर, धक्क्याजवळचा दवाखाना
साक्षीदार दुसरा : बगळा, जाळी विणणारा
स्थळ : माझं दुकान
दिनांक : अकरा ऑगस्ट, दुपारचे चार

पुरवणी, दिनांक बारा ऑगस्ट

वरचं मृत्युपत्र कायम ठेवून, त्याच शुद्धीत, ही पुरवणी जोडत आहे.

काल मी वहिनींच्या ओट्यावर उभं राहून सगळं वाचलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. वाचून झाल्यावर ताट घेऊन आत गेल्या आणि दार लावलं. भाची तेवढी माझ्यासमोर उभी राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता. "माझी जोडी बारा पॉइंट सात दाखवते," ती म्हणाली. "मला घाबरवायला बाबांचं नाव घेऊ नकोस."

आज सकाळी ती धक्क्यावर आली तेव्हा बगळा तिच्या होडीच्या दोरापाशी उभा होता. तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

तो म्हणाला, "जा. फक्त आधी इथेच, दोर बांधून मोटर पूर्ण जोरात चालव. तुझे बाबा जेवढ्या वेळात साखळीपासून परत यायचे तेवढा वेळ. चालली तर मी स्वतः दोर सोडतो."

तिने रागाने मोटर लावली. होडीने दोर ताणून धरला, मागे पाणी उसळू लागलं. धक्क्यावरचे लोक गोळा झाले. दहा मिनिटं झाली. कोणीतरी हसलं. भाची माझ्याकडे बघत होती, आणि मी देवाशपथ सांगते, मोटर चालत राहावी असंच मला वाटत होतं. चालत राहिली असती तर मी वेडी ठरले असते, आणि ते मला चाललं असतं.

अठराव्या मिनिटाला आवाज बदलला. बगळ्याने डोळे मिटले. मोटर मंदावली, कण्हली आणि थांबली. मग होडी आपोआप हळूहळू वळली आणि तिचं तोंड धरणाकडे झालं. दरवाजे अजून उघडायचे होते. बंद दरवाज्यांवरून सांडणारं पाणीच तिला ओढत होतं. दोर तिरका झाला, ताठ झाला, त्यातून पाण्याचे थेंब टपकू लागले.

भाची होडीतून उतरली. यादीतल्या इतर होडीवाल्यांनी न सांगता आपापल्या बॅटऱ्यांच्या तारा सोडल्या. यादीतली नववी, पलीकडच्या काठाची होडी पहाटेच पाण्यात गेली होती. बगळ्याने कोणाची तरी वल्ह्यांची होडी सोडली आणि तेरा वर्षांनी पाण्यात उतरला. भोंगा वाजायच्या आत तो तिच्यातल्या दोघांना आणि त्यांच्या बंद पडलेल्या होडीला दोरीने बांधून घेऊन आला. जाळी मात्र सगळ्यांचीच गेली.

दुपारी भोंगा वाजल्यावर वहिनी दुकानात आल्या. बसल्या नाहीत. खोकं उघडायला लावलं आणि दोन्ही बॅटऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "तेरा वर्षं मी यांच्या फोटोशी भांडले. रोज. झोपलात कसे म्हणून."

एवढंच बोलून त्या गेल्या.

सोमवारी मी तपासनिसाच्या कचेरीत जाऊन जबाब देणार आहे. बगळा खोकं घेऊन बरोबर येतो म्हणाला आहे. तिथून मला परत सोडतील की नाही हे वकिलांनाही सांगता येत नाही. परत आले नाही तर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या भाचीने चार्जरवरून काढाव्यात आणि कोणालाही देऊ नयेत.

सही : आत्या, बॅटरीवाली
साक्षीदार पहिला : डॉक्टर
साक्षीदार दुसरा : बगळा, होडीवाला
स्थळ : माझं दुकान, मागची खिडकी उघडी