दहा लाख नऊ

टीचर, आज सकाळी चहा गार होऊ दिला आणि दहा लाख नऊला दोनशे त्र्याण्णवने भागलं. कागदावर, हाताने. एवढ्या वर्षांनी.

मी नववीत होते. तुम्ही फळ्यावर १०००००९ लिहून विचारलंत, ही मूळ संख्या की हिला कुणाचा तरी भाग जातो? मग मला भुईगावला तुमच्या घरी बोलावलंत आणि ओट्यावर बसून काम वाटलंत. हजार गुणिले हजार दहा लाख, म्हणून हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. पाचशेच्या आतल्या माझ्या, पुढच्या तुमच्या. प्रत्येकीसमोर बाकी लिहायची. "मनाने बाकी टाकायची नाही हां, बाय," तुम्ही म्हणालात. वटारला आमच्या वाडीत केळीखाली बसून मी आठवडाभर भागत होते. दोनशे त्र्याण्णववर आले आणि आईने पाटाचं पाणी वळवायला हाक मारली. परत आले ती वैतागूनच. लिहून टाकलं, बाकी एकशे चार. पुढचे सगळे भागाकार खरे केले, देवाशप्पथ.

वर्गाच्या भिंतीवर मूळ संख्यांचा तक्ता होता, शोधणाऱ्याच्या नावासकट. माझी वही बघून तुम्ही तक्त्यात तळाशी फक्त जागा मोकळी ठेवलीत. मी रुसले. माझं नाव लिहायला यांना काय होतंय? पुढे कितीतरी वर्षं, विरारच्या बाजारात भेटलात तरी पहिला प्रश्न तोच असायचा, "आपला नंबर काय म्हणतो?" मी म्हणायचे, आहे तसाच आहे. तुम्ही हसायचात आणि भाजीचा भाव विचारायला वळायचात.

मग चंदनसारचा कॉम्प्युटर क्लास. भागाकाराचा प्रोग्राम शिकवला, तर मी दुसरा कुठला आकडा घालणार? बटणावरचं बोट उचलायच्या आत पडद्यावर आलं, २९३ गुणिले ३४१३. लाज नंतर वाटली. आधी वाटलं, बाप रे, मी केळीखाली थाप मारत होते तेव्हाही हा असाच होता. वसईचा किल्ला उभा राहायच्या आधी, इथे माणूस यायच्याही आधी, दोनशे त्र्याण्णव त्यात तंतोतंत बसत होतं. कुणी ठरवलं नाही, कुणाला बदलता यायचं नाही. आणि त्याच्यापुढे माझं एकशे चार!

तुम्ही गेल्यावर तुमच्या बहिणीने तुमची वही दिली. माझ्या वाटणीच्या संख्याही तुम्ही तपासल्या होत्या. २९३ समोर बाकी शून्य. खाली बारीक अक्षरात, हजारचा वर्ग अधिक तीनचा वर्ग म्हणजे हाच आकडा, आणि दोनशे पस्तीसचा अधिक नऊशे बहात्तरचा म्हणजेही हाच. असं दोन तऱ्हांनी जमलं की तो मूळ नसतोच. त्याखाली दोनच शब्द होते, "ती सांगेल."

आज माझीही बाकी शून्य आली. हा कागद आता त्याच पानात ठेवते. पण एक राहिलं. क्लासमधल्या त्या दिवसानंतर आपण एकदा भेटलो होतो, टीचर, शेवटचं. तुम्ही थकला होतात, तरी विचारलंत, आपला नंबर काय म्हणतो. मला तेव्हा ठाऊक होतं. मी म्हटलं, आहे तसाच आहे.